दोन हातांचं पुस्तक

९ जानेवारी

प्रिय आत्या,

फोनवर तू विचारलंस, "आवाज का असा?" आणि मी सर्दी म्हणाले. सर्दी नव्हती. फोनवर तुला फसवता येतं, कारण तुझ्या मागे कटाईचं यंत्र खडखडत असतं आणि तुला निम्मंच ऐकू जातं. कागदावर मात्र मला थाप मारता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

आमच्या मोठ्या बाई मार्चअखेर निवृत्त होताहेत. परवा त्यांनी मला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. दार लागलं तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. वाटलं, झालं, कळलं यांना. दोन वर्षं मी रोज याच क्षणाची वाट बघतेय. कुणीतरी येईल आणि म्हणेल, "तुमची नेमणूक चुकून झाली होती, सामान आवरा." बाई म्हणाल्या काय, तर "माझ्यामागे ही खोली तू सांभाळावीस असं मी वर कळवणार आहे. हो की नाही ते फेब्रुवारी संपायच्या आत सांग."

खोली म्हणजे तीच, ग्रंथालयाच्या तळमजल्यावरची दुरुस्तीची. उंच खिडक्या, सात टेबलं, आणि माझं सोडून बाकी सहा टेबलांवर शिकून आलेली माणसं. कुणाची शाईवर पदवी, कुणाची कागदावर. आमच्यात एक 'चष्मे' आहे (एक चष्मा नाकावर, एक कपाळावर, आणि तिसरा शोधत फिरतो). तो पानाचा कोपरा चिमटीत धरून कागद कापसाचा की लाकडाचा ते सांगतो, आणि का ते सूत्रासकट सांगतो. कागद कापसाचा आहे हे मलाही कळतं. पण "कशावरून?" असं कुणी विचारलं तर काय सांगू, म्हणून मी गप्प बसते. मी काय शिकले? बाबा बोटीवर गेले, चौदाव्या वर्षी तुझ्याकडे आले, आणि तुझ्या दुकानात शाळांची हजेरीपुस्तकं शिवली. बारा वर्षं. हसू नकोस, पण मी खणात रसायनशास्त्राचं पुस्तक ठेवलंय आणि चोरून खाऊ खावा तसं ते वाचते.

मला परत यायचंय आत्या. इथे कुणी ओरडतच नाही गं. चुकलं तरी सगळे मऊ आवाजात "पाहू या आपण" म्हणतात. त्या "पाहू या"नं माझी भूक मरते. तू कशी, "अगं टाचणे, पुस्तक शिवतेस की पोतं?" म्हणून मोकळी व्हायचीस. आणि दुपारी शेजारचा छापखानेवाला दारातून डोकवायचा, "काय, पुस्तकं झाली की अजून दोऱ्यातच गुंतलाय?" ते सगळं मला इतकं हवंय की परवा एका दुकानासमोर खळीचा वास आला तर मी उगाच आत शिरले. भिंतीला कागद चिकटवत होते. "काय हवंय?" म्हणाले. काय सांगणार?

एक विचारते, खरं सांग. इथल्या निवडीसाठी मी जे नमुन्याचं पुस्तक पाठवलं, त्याला तू हात लावला होतास ना? त्या दिवशी मी फोटो आणि सही-शिक्क्याच्या कागदासाठी गेले होते. परत आले तर पार्सल बांधून तयार. पोस्टात रांगेत मी वेष्टणाच्या फटीतून बोट घालून पुस्तकाच्या कण्याला लावलं. गार लागला. माझं पुस्तक तर तीन दिवस आधीच वाळलं होतं. ओलं पुस्तक गार लागतं हे तूच शिकवलंस मला.

तेव्हा विचारायचा धीर झाला नाही. आता विचारतेय.

तुझी,
टाचणी

२० जानेवारी

टाचणे,

तुझं पत्र आलं तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत खळीत. छापखानेवाल्याला म्हटलं, फोड बाबा. तर त्यानं फोडलं आणि बातम्या द्याव्या तसा खड्या आवाजात वाचायलाच लागला. "मला परत यायचंय" इथवर आला आणि मी तसल्याच हातांनी कागद हिसकावला. आता तुझं पहिलं पान ताठ होऊन बसलंय, पुठ्ठ्यासारखं.

ये. अगं, विचारतेस काय? आजच म्हणालीस तर आज ये.

तुझ्या टेबलावर मी पसारा मांडला होता तो काल हलवला. खिडकीची काच पुसली. छापखानेवाला म्हणाला, "कोण पाहुणे येणार?" म्हटलं, "पाहुणे कसले, मालकीण येतेय." तर म्हणतो, "मग तुमचं काय?" मी म्हटलं, "मी हाताखाली राबेन, तुम्हाला का चिंता?" दिवसभर उगाच हसत होते. एका अख्ख्या गठ्ठ्याला उलटा पुठ्ठा लावला, नंतर बघितलं.

तू गेल्यापासून दुकान तसं चाललंय. म्हणजे मी चालवते. पण दोन वर्षांत एकदाही असं झालं नाही की दोरा संपला आणि मी मान न वळवता हात मागे केला नाही. हात तसाच राहतो लांब झालेला. मग उठते आणि घेते.

पदवीवाले असतील मोठे. आपल्याला कुठे त्यांच्या मांडीला मांडी लावून बसायचंय? मोठ्या खुर्चीत बसलं की पाय अधांतरी राहतात, आणि मग माणूस दिवसभर पायांचाच विचार करतो. जिथे जीव रमत नाही तिथे कशाला राहायचं? बाईंना सांग, मान दिलात, आभारी आहे, पण मला घरी बोलावलंय.

आणि ते नमुन्याच्या पुस्तकाचं मध्येच काय काढलंस? दोन वर्षं होऊन गेली त्याला. जुनं उकरत बसू नये. येताना गरम कपडे वर ठेव, पेटीच्या तळाशी नको.

तुझी आत्या

२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तू हो म्हणाली नाहीस आणि नाहीही म्हणाली नाहीस. तुला मी ओळखत नाही का? तू हात लावला नसतास, तर "माझ्यावर आळ घेतेस?" म्हणून दोन पानं भरून माझी खरडपट्टी काढली असतीस. तू लिहिलंस, जुनं उकरू नये. म्हणजे लावला होतास.

रागावले नाहीये. उलट आज हलकं वाटतंय. मला हे ठाऊकच होतं, फक्त कागदावर नव्हतं.

तुला कधी न सांगितलेलं सांगते. निवडीच्या दिवशी टेबलामागे तिघं होती. मोठ्या बाईंनी माझं पुस्तक उलटसुलट केलं, कण्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "हे दोन हातांचं पुस्तक आहे. शिवलंय एकानं, कणा बसवलाय दुसऱ्यानं." मग म्हणाल्या, "एक हात फार चांगला आहे." बाकी दोघं माझ्याकडे बघत होते. मी मान खाली घातली. कुठला हात, ते मी विचारलं नाही. विचारायची गरज काय होती? आठवड्यानं नेमणुकीचं पत्र आलं. त्यांनी तुला नेमलं गं. आले मी.

आणि तुझा दोष नाही यात. तुझी रीतच ती. मी दिवसभर शिवायचं, मग वर चहा-जेवणाला जायचं, आणि खाली तू ते उसवून पुन्हा शिवायचीस. खाली आले की पुस्तक दाबायच्या शिकंज्यात आवळलेलं. त्यात माझं किती उरलं आणि तुझं किती, ते मला बारा वर्षांत एकदाही कळलं नाही. गिऱ्हाईक "वा, छान" म्हणायचं तेव्हा मी तुझ्याकडे बघायची. तू दोरा कापत असायचीस.

गेल्या आठवड्यात बाईंनी माझ्या टेबलावर एक जुनं, हातानं लिहिलेलं झाडपाल्याचं पुस्तक ठेवलं. दोरा कुजलेला, फर्मे सुटे झालेले. फर्मा म्हणजे पानांची जुडी, हे इथे येणाऱ्या पाहुण्यांना मला समजावून सांगावं लागतं, तेव्हा तेवढ्यापुरतं मला काहीतरी येतं असं वाटतं. अकरा फर्मे शिवले. सगळे भोवती जमून बघत होते. ते जेवायला गेले आणि मी सगळं उसवलं. पुन्हा शिवलं. दुसऱ्या दिवशी ते जेवायला गेल्यावर पुन्हा उसवलं. तिसऱ्यांदा चष्मे त्याचा तिसरा चष्मा शोधत परत आला आणि त्यानं मला बघितलं. म्हणाला, "पहिल्यांदा शिवलं होतंस तेच ठीक होतं की. काय झालं?" मी म्हटलं, "दोरा बदलते आहे." दोरा तोच होता.

असं किती दिवस चालणार? नकाराचं पत्र मी लिहून ठेवलंय. अठ्ठावीसला बाईंना देणार. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तुझ्या दारात. तुझ्या हाताखाली मला काही सिद्ध करावं लागत नाही, चुकलं तर तू आहेस. तेवढंच मला हवंय.

टाचणी

१० फेब्रुवारी

टाचणे,

हे पत्र लिहायची ही पाचवी खेप. फोनही उचलला होता. तू "हॅलो" म्हणालीस आणि मी ठेवून दिला. ती मीच होते.

तू तीनदा उसवलंस हे वाचलं आणि मी दुकानाचं दार ओढून घेतलं, भर दुपारी. छापखानेवाल्यानं बाहेरून विचारलं, "बरं नाही का?" म्हटलं, "बरी आहे, जा." बरी नव्हते. वाटलं, ही जिथे बसलीय तिथे तिच्या बोटांत शिरून मीच उसवतेय.

तेव्हा ऐक. एका बैठकीत लिहिते, नाहीतर पुन्हा फाडेन.

नमुन्याच्या पुस्तकाला मी हात लावला. सुधारायला नाही.

तू सकाळी गेलीस आणि मी ते घेऊन खिडकीशी बसले. एकेक फर्मा उलगडून बघितला. सुधारणार काय? दोरा कुठे सैल नाही, कुठे कागदाला काचलेला नाही, गाठी एका रेषेत. मला साठाव्या वर्षीही असं शिवता येत नाही. मला अभिमान वाटायला हवा होता. वाटलाही असेल, पण आधी भीती वाटली. हे पुस्तक पोचलं की तू गेलीस, हे मला लख्ख दिसलं. तू पत्रं लिहिशील, मग कमी लिहिशील. मी मागे हात करेन आणि तिथे कुणी नसेल.

मग मी पुठ्ठा सोडवला आणि ओलं फडकं कण्यावर ठेवलं. खळ मऊ झाली तशी अस्तराची पट्टी ओढून काढली. ठरवलं होतं असं, की कणा तसाच नागडा ठेवायचा आणि वरून पुठ्ठा बसवायचा. दोन दिवसांच्या प्रवासात पुस्तक खिळखिळं झालं असतं. तू रडत म्हणाली असतीस, "नाही झाली निवड." मी म्हटलं असतं, "जाऊ दे गं, त्यांचंच नुकसान." आणि चहा टाकला असता. एवढं सगळं मनात तयार होतं, चहासकट.

दोऱ्यालाही कात्री लावायची होती. कात्री उचलली. पण ती शिवण मला कापवेना. कितीही वाईट झाले तरी कारागीर आहे मी. कात्री खाली ठेवली आणि भानावर आले. मग धावपळ. नवी पट्टी, घाईघाईत खळ, पहिला हात वाळायच्या आत दुसरा. कणा एका अंगाला झुकला, ते मला तेव्हाच दिसलं होतं. दुरुस्त करायला वेळ नव्हता, तू कुठल्याही क्षणी परत येणार होतीस. म्हणून ते पार्सल मी बांधून ठेवलं होतं. तू उघडून बघू नयेस म्हणून.

बाई म्हणाल्या, एक हात फार चांगला. तो माझा नव्हे पोरी. त्या पुस्तकात जेवढं वाईट आहे तेवढंच माझं.

अजून एक आहे. उसवण्याचं. पहिली आठ वर्षं मी उसवत होते, खरं आहे. मला कुणी शिकवलं नाही. रद्दीतली पुस्तकं उसवून मी शिकले, म्हणून मला वाटायचं शिकवायचं म्हणजे उसवायचं. पण शेवटची चार वर्षं मी तुझं एक पानही उसवलं नाही. तू वर गेलीस की मी पुस्तक उघडायची, बघायची आणि जसंच्या तसं शिकंज्यात घालायची. चार वर्षं गिऱ्हाइकं "छान" म्हणाली ती तुला. तू माझ्याकडे बघायचीस ते मला कळायचं. दोरा कापायचं काम तेव्हाच कुठून निघायचं, ते माझं मला ठाऊक.

का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर तू किती दिवस राहिली असतीस?

तुला वाटतं ना, कुणीतरी येऊन विचारेल, तुमची इथे नेमणूक कुणी केली? मला चाळीस वर्षं वाटतंय ते. शाळेचा हेडमास्तर दारात आला तरी मी मोठ्यानं बोलायला लागते, विचारायला जागाच राहू नये म्हणून. तू समोर बसून शिवायचीस तेव्हाच काय तो मला धीर असायचा. हिला येतंय, आणि हिला मी शिकवलंय, म्हणजे मलाही येत असणार. तुझ्या आधारावर उभी होते आणि तुलाच सांगत होते की तुला उभं राहता येत नाही.

मागच्या पत्रात "ये" लिहिलं ते लबाडीचं होतं. त्या खुर्चीचं आणि पायांचं लिहिलं ते तर फारच. येऊ नकोस असं लिहायला मात्र हात वळत नाहीये, तेवढं माफ कर. एवढंच कर, ते नकाराचं पत्र देण्याआधी बाईंकडून नमुन्याचं पुस्तक मागून घे. ठेवलं असेल त्यांनी. कणा सोडव आणि स्वतः बघ. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तुझे डोळे आहेत.

आत्या

५ मार्च

टाचणे,

अठ्ठावीस गेली. पहिला आठवडाही संपत आला. तू दारात नाहीस आणि पत्रही नाही. दोन्हींतलं काय बरं, ते मला ठरवता येत नाही.

पोस्टमन आता लांबूनच मान हलवतो. काल म्हणाला, "बाई, असं बघू नका हो माझ्याकडे, मी लिहीत नाही पत्रं."

उत्तर दे असं म्हणायला मला तोंड नाही. बरी आहेस एवढं कुणाकडून तरी कळव. त्या चष्म्यांकडून चालेल.

आत्या

२६ मार्च

टाचणे,

आज एका शाळेची चाळीस हजेरीपुस्तकं दिली. मुख्याध्यापक म्हणाले, "पूर्वीसारखी बांधणी राहिली नाही." मी म्हटलं, "पूर्वीची माझी नव्हती. माझ्या भाचीची होती." सहा वर्षं उशिरानं बोलले, तेही तुझ्या माघारी. पण बोलले. छापखानेवाला दारात उभा होता. त्यानं ऐकलं आणि पहिल्यांदाच काही टोमणा न मारता गेला.

आत्या

१४ एप्रिल

आत्या,

'प्रिय' लिहिलं होतं, खोडलं. पुन्हा लिहावंसं वाटेल तेव्हा लिहीन.

तुझं दहा तारखेचं पत्र आलं आणि मी चार दिवस फक्त कामापुरतं बोलले. सत्तावीस फेब्रुवारीला बाईंना म्हटलं, माझं नमुन्याचं पुस्तक बघायचंय. त्यांनी का ते विचारलं नाही. कपाटातून काढलं, टेबलावर ठेवलं, शेजारी सुरी ठेवली आणि म्हणाल्या, "उघडायचं असेल तर तूच उघड."

कणा खरंच झुकलेला होता. दोन वर्षांपूर्वी मला तो सरळ दिसला असता, कारण तो तू बसवलाय असं मी धरून चालले होते. पट्टी सोडवली. खाली खळीच्या गुठळ्या. तुझ्या हातून गुठळ्या मी कधी बघितल्या नव्हत्या. तिथे मला रडू आलं, आणि ते रागाचं होतं की कशाचं ते मला अजून कळलेलं नाही.

मग शिवण. सव्वीस फर्मे. मी दुसऱ्याचं काम तपासावं तसं तपासलं, चूक शोधतच. सतराव्यात सापडली. एक टाका किंचित तिरका. आणि आत्या, तो बघून मला इतकं बरं वाटलं! कारण तिरका टाका तू कधी राहू दिला नसतास. तो माझाच.

बाई म्हणाल्या, "मला वाटलं तुला ठाऊक आहे. कणा कुणीतरी घाबरलेल्या माणसानं बसवलाय. आम्ही शिवण बघून तुला घेतलं." मी म्हटलं, "मग सांगितलं का नाहीत?" तर म्हणतात, "तू विचारलं का नाहीस?" दोन वर्षं मी एक प्रश्न गिळून बसले होते, कारण उत्तर मीच देऊन टाकलं होतं.

बाईंना हो म्हटलंय. एक एप्रिलपासून खोली माझ्याकडे आहे. पहिल्याच दिवशी चष्म्यानं एका पानाबद्दल मत विचारलं. मी म्हटलं, कापसाचा आहे. "कशावरून?" म्हणाला. मी म्हटलं, "बारा वर्षं हातात धरून. सूत्र तू सांग." त्यानं सांगितलं. मी लिहून घेतलं. जग बुडालं नाही. दार लागलं की पोटात गोळा अजून येतो. तो येणारच आहे बहुतेक. आता त्याला घेऊनच कामाला बसते.

झाडपाल्याचं पुस्तक चौथ्यांदा उसवायला घेतलं होतं. सुरी हातात होती. ठेवून दिली.

आता राग. चार वर्षं, आत्या! तुला एकच शब्द बोलायचा होता. तो ऐकून मी राहिले असते की गेले असते, मला माहीत नाही. पण ते माझं मी ठरवलं असतं. तू मला चुकीचं शिकवलं असतंस तरी चाललं असतं. मला येत होतं तेच तू लपवलंस. आणि ज्या दिवशी माझं पुस्तक निघणार, त्या दिवशी ओलं फडकं घेऊन बसलीस. मी तुला सोडून जाणार नव्हते गं, मी फक्त निघाले होते.

या सुट्टीत मी येत नाहीये. राग ओसरल्याशिवाय आले तर आपण दोघी चांगलं चांगलं बोलू, आणि ते मला नको.

पण रविवारी दुपारी इथे सगळं बंद असतं. खोलीत कुणी नसतं तेव्हा मी येऊन बसते. शिवताना मध्येच तुझा आवाज ऐकू येतो, "दोरा ओढ, गळा आवळू नको!" आणि मी खरोखर हात सैल करते. राग आणि हे, दोन्ही एकाच वेळी असतं. कसं असतं ते तूच सांग, तू मोठी आहेस.

टाचणी

२५ एप्रिल

टाचणे,

राग पोचला. पूर्ण वाचला, वगळलं काही नाही. तो माझाच आहे, ठेवून घेतलाय. तुला वाटेल तेव्हा आणखी पाठव.

दोन्ही एकाच वेळी कसं असतं, ते मला सांगता येत नाही. मी फक्त एवढं सांगू शकते की असतं. तू खोली घेतलीस हे वाचून मी दुकानभर नाचले, आणि त्याच पायांनी तुझ्या टेबलापाशी जाऊन बसून राहिले. तू येत नाहीस ते बरोबर आहे. मला ते सोसत नाही, तरी बरोबर आहे.

आता कामाचं. काल एक बाई आल्या, माझ्याहून थोड्या लहान. पिशवीतून ओल्या टॉवेलात गुंडाळलेली वही काढली. त्यांच्या आईच्या हातची. आई गेली, आणि तीन-चार दिवसांपूर्वी घरात नळ फुटून कपाटात पाणी शिरलं. आईचं लिहिलेलं एवढंच उरलंय त्यांच्याकडे. साठ पानं, त्यातली वीसेक एकमेकांना चिकटलेली. शाई निळी. कोपऱ्यात ओला कापूस टेकवून बघितला, तर पाच मोजायच्या आत निळा डाग आला. वाळवावी तर पानं चिकटून वीट होणार, ओली ठेवावी तर बुरशी धरणार. एका कडेला करडी लव दिसायलाही लागलीय.

पूर्वी असतं तर मी म्हटलं असतं, "ठेवून जा, शुक्रवारी या." आणि मोठ्यानं बोलत बोलत वहीची वाट लावली असती. गिऱ्हाइकासमोर आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, "हे मला येत नाही." बोलल्यावर वाटलं, आता या उठून जातील. त्या कुठेही गेल्या नाहीत. म्हणाल्या, "मग कुणाला येतं?"

म्हटलं, "माझ्या भाचीला. तिच्याकडे एका मोठ्या ग्रंथालयाची दुरुस्तीची खोली आहे. तिला विचारून सांगते." त्यांनी वही माझ्यापाशी ठेवली. तुझ्या भरवशावर ठेवली, माझ्या नाही.

तेव्हा विचारते. आधी पानं सोडवायची की आधी शाई धरून ठेवायची? बुरशी थांबवायला मी आज काय करू? हे पत्र जलद टपालानं टाकतेय. फोन कर म्हणणार नाही, तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर चष्म्यांना सांगायला सांग, मी लिहून घेईन.

वही खिडकीपासून दूर, सावलीत ठेवलीय. तू सांगेपर्यंत मी तिला हात लावत नाही.

आत्या